सोमवार-गुरुवारच्या दोन बादल्या

तुम्ही दोघांनी जुन्या बाजारातून ऑसिलोस्कोप आणला आणि उघडण्याआधी मला विचारलंत, हे बरं केलंत. फोटो मोठा करून पाहिला. आमच्याकडे होता तो साधारण याच वयाचा, फक्त पेटी काळी होती. सुरुवात कुठून करावी असं विचारलंय. त्याचं उत्तर आधी देते: आज उघडू नका. तुमच्या घराच्या अर्थिंगची तार जमिनीत कुठे जाते ते शोधा आणि ती जागा ओली आहे का ते हात लावून बघा. तिकडची घरं वेगळी असतील, हा सल्ला तुम्हाला विचित्र वाटेल. तरी बघा. का, ते खाली लिहिते. यातलं बरंचसं तुमच्या बाबाला माहीत नाही. त्याने वाचलं तरी आता चालेल.

दुष्काळ पडला त्या सुमारास मी परभणीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजीतून झालेलं, म्हणून प्रयोगशाळेची सगळी रजिस्टरं माझ्याकडे आली. मला ते आवडायचंही. काचसामानाचं वेगळं, तारांचं वेगळं, मोडक्या वस्तूंचं वेगळं. कुणी पाहुणे आले की प्राचार्य त्यांना माझं टेबल दाखवायला आणायचे. तुमचे आजोबा सेलूला बदलून गेले होते, शनिवारी रेल्वेने येत. घरी सासूबाई, मी आणि आठ महिन्यांचा तुमचा बाबा.

प्रयोगशाळेत एक मदतनीस होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं, मीही. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, सोनपेठकडच्या एका खेड्यातले. छप्पन साली ते आणि त्यांच्या घरचे बौद्ध झाले होते. फौजेच्या वायरलेस दुरुस्तीच्या कारखान्यात ते सामान उचलायला म्हणून लागले आणि दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघत काम शिकले. मराठी पेपर ओळ न ओळ वाचायचे, इंग्रजी येत नव्हतं. सहा वर्षं झाली तरी कॉलेजात ते तात्पुरतेच होते. दर सहा महिन्यांनी एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा हुकूम घेऊन यायचं, अशी ती पद्धत. त्या एका दिवशी प्रयोगशाळेत काही सापडायचं नाही.

ऑसिलोस्कोप म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, पण तेव्हा आमच्या अर्ध्या प्राध्यापकांनीही तो चित्रातच पाहिला होता. विजेची थरथर गोल काचेवर हिरव्या रेघेने दाखवणारी पेटी. आमचा येलदरीच्या धरणावरून आला. तिथे वीज तयार करायची यंत्रं बसवताना बाहेरच्या कुणी आणलेला आणि मागे सोडलेला. बरीच वर्षं तो कुठल्यातरी शेडमध्ये पडून होता. प्राचार्यांनी पत्र लिहून मागून घेतला आणि मामा व मी तो एसटीने, गोधडीत गुंडाळून, मांडीवर आळीपाळीने घेऊन आणला.

“लेकरापेक्षा जड हाय,” मामा म्हणाले.

“माझा मुलगा याच्यापेक्षा जास्त ओरडतो.”

“ह्यो बी वरडंल. जरा बटन तर लावू द्या.”

पेटी उघडली तर आत उंदरांनी घर केलेलं. हात लागताच वायरींच्या रबराचा भुगा होत होता. कपॅसिटरांवरचं मेण वितळून खाली थेंब-थेंब गोठलं होतं. वरची चामड्याची मूठ वाळवीने खाल्लेली. मामांनी महिनाभर फक्त साफसफाई केली. रंगाच्या ब्रशने, स्पिरिटने, एकेक टोक. मग ट्रान्सफॉर्मर सोडवून गच्चीवर उन्हात ठेवला, रोज दुपारी कूस बदलत, पापड वाळवावेत तसा. त्या वर्षी उन्हाला तोटा नव्हता. तो वाळल्यावर पातळ मेणात बुडवून काढला. मेण माझ्या घरच्या पातेल्यात वितळवलं, त्यावर सासूबाई चार दिवस बोलत होत्या. मूठ मामांनी लोखंडी पट्टीची केली. पट्टी वाकवून, कानशीने कडा घासून, वर रंग दिला. फार देखणी झाली होती.

नकाशा नव्हता. मामा एकेक तार बोटाने धरून कुठून कुठे जाते ते सांगायचे आणि मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर आकृती काढायची. अडलं की रेडिओ दुरुस्तीचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, ते मी मराठीतून वाचून दाखवायचे. सरळ वाचता यायचं नाही. एक वाक्य डोळ्यांनी वाचायचं, थांबायचं, मनात उलटंसुलटं करायचं, मग बोलायचं. माझं ते थांबणं मामांना पाठ झालं होतं.

“लय येळ थांबलात. कामाचं वाक्य दिसतंय,” ते हातातलं काम ठेवून म्हणायचे.

पेटी चालू असताना आत हात घालायचा तर त्यांचा एक कायदा होता. एकच हात चालवायचा. दुसरा खिशात. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. त्यांच्या खाकी पँटच्या डाव्या खिशाचं तोंड घासून पांढरं झालं होतं. मला कुठला खिसा? मी डावा हात कमरेला पदरात खोचायचे. चुकून सुटला की ते टेबलावर पक्कड आपटायचे. बोलायचे नाहीत, फक्त आपटायचे.

त्या पेटीवर त्यांचं काय अवलंबून होतं ते सांगते. वरच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवायची परवानगी मिळावी म्हणून विद्यापीठाची समिती येणार होती आणि समितीला ऑसिलोस्कोप चालू दाखवणं भाग होतं. प्राचार्य माझ्यासमोर मामांना म्हणाले होते, “हे चालू करून दाखव. मदतनिसाची जागा मंजूर होईल, तुला कायम करून टाकतो.” मामांनी ते घरी सांगितलं होतं. त्यांच्या बायकोने दोन पोरींची नावं शहराच्या शाळेत घातली होती.

आता खड्डा. प्रयोगशाळेच्या मागे, भिंतीला लागून, अर्थिंगचा खड्डा होता. खाली तांब्याचा पत्रा, त्याच्याभोवती मीठ आणि कोळसा, वर विटांचं तोंड आणि झाकण. यंत्राच्या आत कुठे चुकून वीज पेटीला लागली तर ती या तारेने जमिनीत निघून जावी, फ्यूज उडावा आणि माणूस वाचावा, एवढ्यासाठी तो असतो. पण आपल्याकडची काळी जमीन सुकली की भेगाळते. कोरड्या खड्ड्यातून वीज जमिनीत जातच नाही. म्हणून त्याला पाणी पाजावं लागतं. माझं एक रजिस्टर त्याचंही होतं. सोमवार आणि गुरुवार, दोन-दोन बादल्या, मामांची सही, बाजूला माझी.

पाऊस नाही झाला. विहिरी तळाला गेल्या. शहराच्या नळाला पाणी दोन दिवसांनी, मग चार दिवसांनी, तेही केव्हा येईल याचा नेम नाही. लोक नळ उघडा ठेवून खाली बादली लावून ठेवायचे. नळ खोकला की सगळे धावायचे. कॉलेजला टँकर यायचा आणि त्यातून प्रयोगशाळेच्या वाट्याला मोजकं पाणी यायचं.

एका सोमवारी मी ते रजिस्टर उघडलं आणि इंग्रजीत लिहिलं: पुढील आदेशापर्यंत पाणी टाकणे बंद. खाली सही, तारीख.

मामा बादली घेऊन उभे होते. “बाई, खड्ड्याला पानी लागतंय.”

“माणसांना प्यायला नाही मामा. खड्ड्यात कुठून ओतायचं?”

“ते बी खरं हाय.” त्यांनी बादली खाली ठेवली. “मग ह्या बादल्या कुठं न्यायच्या?”

इथे मी लिहू शकले असते की वसतिगृहात. तुमच्या आजोबांना मी तसंच सांगितलं होतं. त्या बादल्या आमच्या घरी गेल्या. बाबाला तेव्हा जुलाब लागले होते, दिवसाला पंधरा-पंधरा लंगोट. सासूबाई वाळलेले लंगोट झटकून पुन्हा बांधत होत्या आणि त्याची कातडी सोलवटली होती. घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत. मामा स्वतः बादल्या पोचवायचे, सोमवारी दोन, गुरुवारी दोन, दाराबाहेर ठेवून परत फिरायचे. सासूबाई त्यांच्या बादलीतलं पाणी आपल्या बादलीत ओतून घ्यायच्या आणि त्यांची बादली दाराबाहेरच ठेवायच्या. मी ते पाहत होते. मी काही बोलले नाही, हेही इथे लिहायला हवं.

बाबा बरा झाला. बादल्या येत राहिल्या. चारपाच महिने.

उन्हाळ्याच्या तोंडाशी रेघ उठली. आधी काचेच्या मध्ये एक हिरवा ठिपका आला, मुंगीएवढा. मग मामांनी एक खुंटी फिरवली आणि ठिपका लांबला. त्यांनी खिशातला डावा हात बाहेर काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा खिशात घातला.

“साहेब जागा झाला,” ते म्हणाले. पेटी परदेशी आणि तापायला दहा मिनिटं घेणारी, म्हणून ते तिला साहेब म्हणायचे. “चहा घेतल्याबिगर काम करत न्हाई, अस्सल साहेब हाय.”

समिती यायला तीन दिवस होते. मामांनी पेटी बंद केली, स्क्रू आवळले, वरून तेलाचं फडकं फिरवलं. सगळी जुनी वायर बदलली होती. एक सोडून. मेन वायरचा वीतभर तुकडा ट्रान्सफॉर्मरच्या खालून जायचा. तिथलं रबर आतून चिरलं होतं, पण वरून शाबूत दिसलं, म्हणून आम्ही दोघांनी तो तसाच ठेवला. अशी चूक कुणाकडूनही होते. ती झाली तरी माणसाला काही होऊ नये म्हणूनच मागे खड्डा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी खिडकीशेजारच्या टेबलावर चालू होती. पलीकडे प्रयोगशाळेचं सिंक, नळ उघडा, खाली बादली. मी माझ्या टेबलाशी समितीसाठी यादी करत होते. उजेड काचेवर पडत होता, रेघ दिसत नव्हती, म्हणून मामांनी पेटीची मूठ उजव्या हाताने धरली आणि पेटी फिरवायला घेतली. स्क्रू लावून झाकलेली पेटी. तिला खिशातल्या हाताचा कायदा लागू नव्हता. डावा हात मोकळा होता.

तेवढ्यात नळ खोकला. पाणी आलं, जोरात आलं. बादली आधीच पाऊणभर होती, ती भरून सांडायला लागली. त्या दिवसांत सांडणारं पाणी पाहून कुणाचा हात थांबला नसता. मामांनी डाव्या हाताने नळ धरला, लोखंडी, थेट जमिनीत गेलेला.

ते ओरडले नाहीत. मला वाटलं ते खाली काहीतरी बघताहेत. मग त्यांची ताठरलेली मान दिसली. मी धावत जाऊन दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. ते पडले. नळ चालूच होता. मी भरलेली बादली बाजूला सरकवली, तिच्या जागी रिकामी लावली आणि मग मदतीला हाका मारल्या. हा क्रम मी बदलून सांगितला असता तर तुम्हाला कळलंही नसतं. पण तो असाच होता.

मामा वाचले. सरकारी दवाखान्यात दीड महिना होते. डाव्या हाताच्या जखमा भरल्या. उजव्या तळव्यात पट्टीच्या रुंदीची खाच पडली होती, आतल्या शिरा आखडल्या आणि चार बोटं आत वळून तशीच राहिली. त्या हातात पेन्सिलही धरता येईना, मग डाख द्यायची तापलेली कावी तर दूरच.

प्राचार्यांनी मला अपघाताचा अहवाल लिहायला सांगितला, इंग्रजीत, कारण तो विद्यापीठाकडे जाणार होता. ते म्हणाले, “बाई, संस्थेवर यायला नको. तुमच्यावर तर नकोच. तुमचं काम किती चोख असतं ते सगळ्यांना माहीत आहे.”

मी लिहिलं: अर्थिंग नियमाप्रमाणे राखलेले होते. मदतनिसाने वारंवार सूचना देऊनही दोन्ही हातांचा वापर केला. अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. पाण्याचं रजिस्टर माझ्या कपाटात होतं. कुणी मागितलं नाही. मी ते फाडलं नाही, खाडाखोड केली नाही. त्याची गरजच पडली नाही.

खाली मामांची सही हवी होती. दवाखान्यात गेले. त्यांची बायको भिंतीशी बसली होती, मला बघून उभी राहिली.

“जयभीम बाई,” मामा म्हणाले. “समितीनं साहेब बघितला का?”

“बघितला. रेघ चांगली दिसली.” वायरचा तो तुकडा काढून नवा टाकला होता, एका रेडिओवाल्याने.

“झालं मंग.” त्यांनी कागदाकडे पाहिलं. “काय लिवलंय?”

मी कागद समोर धरला आणि वाचलं, की यंत्रात अचानक दोष निर्माण झाला, मदतनिसाने काम उत्तम केलं होतं, अपघातात कुणाचीही चूक नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागितलं. मग डाव्या हाताने सही केली. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी. मी कागदाची घडी नीट घातली, कड कडेला लावून.

परवानगी मिळाली. जागाही मंजूर झाली. मामांचा सहा महिन्यांचा हुकूम संपला, ते एक दिवस घरी बसले आणि दुसऱ्या दिवशी नवा हुकूम निघाला नाही. अहवालात निष्काळजी लिहिलेल्या माणसाला कायम करता येत नाही, असं प्राचार्य म्हणाले. जागेवर दुसरा माणूस आला. मामांची बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली आणि पोरी शाळेतून तिच्याबरोबर. एकदा रस्त्यावरून जाताना मी त्यांना पाहिलं. थोरलीने तोंडाला फडकं बांधलं होतं. मी रिक्षा थांबवली नाही.

पुढच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवडाभर आधी रेघ गेली. नव्या माणसाला पेटीतलं काही कळत नव्हतं, रेडिओवाला हात लावायला तयार नव्हता. प्राचार्य म्हणाले, “त्यालाच बोलवा ना. रोजावर.”

मी बौद्धवाड्यात गेले. मामा लगेच निघाले, काही न विचारता. कॉलेजात आल्यावर ते प्रयोगशाळेत शिरले नाहीत. भिंतीच्या कडेने मागे गेले, डाव्या हाताने खड्ड्याचं झाकण सरकवलं, हात कोपरापर्यंत आत घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांना राखेसारखी कोरडी माती होती. पाऊस होऊन गेला होता, नळाला रोज पाणी होतं, आणि माझ्या रजिस्टरात अजून पुढील आदेशापर्यंत बंद असंच होतं. तो आदेश काढायचं मला सुचलं नव्हतं.

“बाई,” ते म्हणाले, “आदी हितं पानी वता. मंग आत जाऊ.”

मी बादल्या आणल्या. पाचसहा खेपा केल्या. पाणी कितीतरी वेळ नुसतं आत जात राहिलं. त्या वेळी, माझ्याकडे न बघता, ते बोलले.

“तुमी दवाखान्यात वाचलं, आन् कागदावर लिवलेलं, ते एक नव्हतं.”

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

“सांगायला कशाला लागतंय? पुस्तक वाचताना तुमी थांबायचात. दर वाक्याला. त्या दिशी एकदा बी थांबला न्हाईत.”

“मग सही का केलीत?”

“तुमची नोकरी गेली असती, तर मला माघारी कोन बोलावनार होतं?” त्यांनी झाकण लावलं. “मला वाटलं, तुमी बोलवताल. धा-पंधरा दिवसांत बोलवताल.”

मी तेरा महिन्यांनी बोलावलं होतं, तेही परीक्षेसाठी.

त्या दिवशी ते स्टुलावर बसून सांगत गेले आणि मी केलं. कावी माझ्या हातात, डावा हात पदरात. मधे एकदा हात सुटला. पक्कड आपटली नाही. ती त्यांच्या उजव्या अंगाला होती, डाव्या हाताने धरायला त्यांना वळावं लागलं असतं. मी आपणच हात पुन्हा खोचला.

आठवड्याने मी प्राचार्यांना पत्र दिलं. मराठीत, सगळं खरं: बंद केलेलं पाणी, बादल्या कुठे गेल्या, अहवालातली तीन वाक्यं. त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं. “हे आता कशाला, बाई? खामखा. जागा भरली आहे. तुम्ही जाल आणि तोही यायचा नाही.” ते पत्र मी परत घ्यायला नको होतं. टेबलावर ठेवून निघून यायला हवं होतं. मी घेतलं, पर्समध्ये ठेवलं आणि तासाला गेले.

मामा पुढे दर वर्षी परीक्षेआधी चार दिवस रोजावर यायचे. कायम कधीच झाले नाहीत. पोरी शाळेत परत गेल्या नाहीत. पाण्याचं रजिस्टर मी पुन्हा सुरू केलं होतं आणि सोमवारी-गुरुवारी पाणी स्वतः टाकायचे, कुणाला सांगायचे नाही. त्यांना हे माहीत होतं, तरी आले की आधी भिंतीच्या कडेने मागे जायचे. मी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहायचे. झाकण सरकल्याचा आवाज यायचा. मग ते ओला हात शर्टाला पुसत पुढे यायचे आणि माझ्या बाजूने आत जाताना म्हणायचे, “वल हाय. लावा बटन.”